समुद्रापलीकडची बैठक

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचा जीर्णोद्धार झाला की कळस, शिखर, फरशी यांचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. गावच्या गवंड्यापासून मुंबईच्या चाकरमान्यापर्यंत पुष्कळांचे हात त्या कामाला लागलेले असतात. परंतु आजच्या व्याख्यानाचा विषय दगडचुन्याच्या पलीकडचा आहे. जग फार जवळ आले आहे. गावातला मुलगा दुबईला नोकरी करतो, मुलगी पुण्याला बसून अमेरिकेतल्या कंपनीचे हिशेब लिहिते, आणि आंब्याचा भाव आखातात ठरतो. अशा काळात "तू कोण?" असे कोणी विचारले तर माणसाने उत्तर काय द्यावे? ते उत्तर त्याला संस्कृतीकडून मिळते की सरकारी कागदावरून? आणि संस्कृतीचा परिणाम राज्याच्या धोरणावर आणि माणसाच्या माणसाकडे पाहण्याच्या दृष्टीवर होतो, तो नेमका कोणत्या वाटेने?

अशा प्रश्नांची उत्तरे मोठमोठ्या शब्दांत शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. त्यापेक्षा एक खरे उदाहरण घ्यावे आणि ते नीट पाहावे. ते उदाहरण मॉरिशसचे आहे. हिंदी महासागरातील हे बेट रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान, आणि लोकवस्ती सुमारे साडेबारा लाख. तरीही या बेटावर गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि प्राथमिक शाळेत मराठी शिकवली जाते. भारताबाहेर असे दृश्य क्वचितच पाहावयास मिळते. ते कसे घडले, हे जाणून घेण्यासारखे आहे.

या बेटावर मूळची मनुष्यवस्ती नव्हती. १५९८ साली डच तेथे उतरले, १७१५ पासून फ्रेंचांचा अंमल सुरू झाला आणि १८१० साली इंग्रजांनी बेट घेतले. राज्य इंग्रजांचे झाले, तरी उसाचे मळे, कायदेकानू आणि बोलण्याची भाषा फ्रेंचांचीच राहिली. मळ्यांवर राबणारे लोक आफ्रिकेतून व मादागास्करातून आणलेले गुलाम होते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथे गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना मजूर तर हवे होते. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या करारावर माणसे नेण्यास आरंभ झाला. त्या कराराला आपली माणसे गिरमिट म्हणत. पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे अशी नेली गेली. बहुसंख्य बिहार आणि उत्तर हिंदुस्थानातील, बरीच तामिळ व तेलुगू मुलखातील, आणि काही हजार मुंबई बंदरातून गेलेली. त्यांत रत्नागिरीकडची माणसे मोठ्या संख्येने होती.

जागतिकीकरण १९९१ नंतर आले, असे आपल्याकडे समजले जाते. परंतु युरोपातील चहाच्या पेल्यात पडणाऱ्या साखरेसाठी कोकणातला कुणबी घरदार सोडून आफ्रिकेजवळच्या बेटावर ऊस तोडू लागला, ते जागतिकीकरणच होते. फरक इतकाच की त्याला तो शब्द कोणी सांगितला नव्हता.

पोर्ट लुई बंदरात उतरल्यावर या माणसांचे काय होई? धक्क्याच्या दगडी पायऱ्या चढून वर गेले की नोंदवहीत नाव लिहिले जाई. लिहिणाऱ्या कारकुनाला भाषा कळत नसे, त्यामुळे नावे कानाला येतील तशी उतरली. गावावरून किंवा कुळावरून पडलेले आडनाव मागे राहिले. कित्येक घराण्यांत बापाचे किंवा आजोबाचे पाळण्यातले नाव हेच पुढे आडनाव होऊन बसले. माणसाला एक क्रमांक मिळाला. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरालाही स्वतःच्या छायाचित्राचा पास जवळ बाळगणे भाग पडले. पास नसला की तो भटक्या ठरे आणि कोठडीत जाई. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. या जुलमाविरुद्ध १८७१ साली नऊ हजारांहून अधिक मजुरांनी अर्ज केला. अडोल्फ द प्लेवित्झ या युरोपियन गृहस्थाने त्यांना साहाय्य केले. इंग्लंडच्या राणीच्या सरकारला पुढच्याच वर्षी चौकशी आयोग पाठवावा लागला.

येथे विषयाचा पहिला धागा हाती लागतो. माणसाची एक ओळख असते ती दुसऱ्याने दिलेली. क्रमांक, पास, बंदराचे नाव, मजूर हा शिक्का. दुसरी ओळख माणसे मिळून स्वतः घडवितात. गिरमिटियाकडे त्यासाठी साधन काय होते? पैसा नव्हता, शाळा नव्हती, परत जाण्याइतकी पुंजी बहुतेकांपाशी नव्हती. मळ्यावरच्या वस्तीत संध्याकाळी एकत्र बसणे मात्र होते. त्या बसण्याला आणि बसण्याच्या जागेलाही तेथे 'बैठका' असे नाव पडले. झावळ्यांनी किंवा गवताने शाकारलेली एक खोली. तेथे भजन होई, पोथी वाचली जाई, भांडणे मिटत, पोरांना अक्षरे गिरवायला लावीत. मराठी मंडळींनी आपल्याबरोबर गणपती नेला, विठोबा नेला, आणि कोकणातील जाखडीचा नाचही नेला. त्याला ते झाकरी म्हणतात. ढोलकी व झांजेच्या तालावर गणपतीच्या रात्री तो नाच आजही तेथे होतो. गणेशोत्सवाचा आरंभ १८९६ च्या सुमारास आंरियेत या गावी एका कुटुंबाने केला, असे तेथे मानले जाते.

आता कोणी म्हणेल, भजन आणि नाच यांचा राज्यकारभाराशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार स्पष्ट आहे.

१९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून परतताना गांधीजी या बेटावर उतरले होते. मुलांना शिकवा आणि सार्वजनिक कारभारात भाग घ्या, असा त्यांचा उपदेश होता. १९०७ साली मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तेथे गेले व त्यांनी मजुरांचे खटले चालविले. तरीसुद्धा १९४७ पर्यंत मताचा अधिकार मालमत्तेला व मिळकतीला बांधलेला होता. साऱ्या बेटावर मतदार होते सुमारे बारा हजार. १९४७ च्या नव्या घटनेने एक सवलत दिली. बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी एखाद्या भाषेत ज्याला साधे वाक्य वाचता-लिहिता येईल त्याला मत देता येईल. भाषा इंग्रजी किंवा फ्रेंचच असली पाहिजे, अशी अट राहिली नाही. हिंदुस्थानी, तामिळ, तेलुगू, उर्दू अशा भाषाही चालू लागल्या.

त्या वेळी बैठकांचे खरे मोल कळून आले. पंडित वासुदेव बिसुनदयाळ यांनी 'जन आंदोलन' उभारून गावोगावच्या बैठकांत साक्षरतेचे वर्ग चालविले होते. दिवसभर ऊस तोडून आलेला मजूर रात्री कंदिलाच्या उजेडात स्वतःचे नाव लिहावयास शिकला. १९४८ च्या निवडणुकीत मतदारांची संख्या सत्तर हजारांवर गेली. ज्या अक्षरांचा उपयोग इतकी वर्षे पोथी वाचण्यापुरता होता, ती अक्षरे मतपत्रिकेपर्यंत पोहोचली. १९५९ साली प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मिळाले आणि १२ मार्च १९६८ रोजी बेट स्वतंत्र झाले. संस्कृती धोरण घडविते म्हणतात ते असे. त्यासाठी घोषणा द्याव्या लागल्या, सभा घ्याव्या लागल्या, हे खरे. परंतु त्याआधी कित्येक वर्षे कोणीतरी संध्याकाळी दिवा लावून बसले होते, हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर मॉरिशसच्या सरकारने जे धोरण स्वीकारले त्याचे सार असे, की कोणाला आपले सोडावयास लावू नये आणि कोणाचे एकट्याचे चालू देऊ नये. सुट्ट्यांची यादीच पाहावी. महाशिवरात्र आणि दिवाळी आहे. तामिळांची थैपूसम कावडी आहे, तेलुगू लोकांचा उगादी आहे, मराठी लोकांची गणेश चतुर्थी आहे. मुसलमानांची ईद आहे, चिनी लोकांचे नववर्ष आहे, ख्रिस्ती लोकांचा नाताळ आहे. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याचा दिवस आणि २ नोव्हेंबरला गिरमिटिया मजुरांच्या आगमनाचा दिवस, हेही पाळले जातात. १९७० साली मोका येथे महात्मा गांधी संस्था स्थापन झाली. तेथे मराठीसह भारतीय भाषांचे अध्यापन चालते. मजूर उतरत तो पोर्ट लुईचा धक्का आज 'आप्रवासी घाट' म्हणून ओळखला जातो, आणि २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

या धोरणाचे मोल समजण्यासाठी शेजारच्या बेटाकडे एकदा नजर टाकावी. मॉरिशसपासून सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास रेयूनियाँ हे बेट आहे. तेथेही ऊसच पिकतो आणि तेथेही हिंदुस्थानी मजूरच नेले गेले. त्यांत तामिळ मुलखातले पुष्कळ होते. परंतु ते बेट फ्रान्सचे राहिले आणि १९४६ पासून फ्रान्सचा एक जिल्हाच झाले. फ्रेंच राज्याचे तत्त्व असे की नागरिक सारे सारखे. धर्म, वंश किंवा मूळ देश यांची नोंद सरकार ठेवणार नाही. तेथील मजुरांच्या वंशजांनी ख्रिस्ती नावे घेतली, भाषा फ्रेंच आणि क्रेओल झाली, पूर्वजांची तामिळ घरातून गेली. देवळे मात्र राहिली. नाव ख्रिस्ती, बोली क्रेओल आणि सणाच्या दिवशी देवळापुढे निखाऱ्यांवरून चालणे, असा संगम तेथे आढळतो. पीक सारखे, आणलेली माणसे एकाच देशातली, पण दोन राज्यांची दोन धोरणे, आणि त्यातून दोन प्रकारच्या ओळखी तयार झाल्या. संस्कृती जशी धोरण घडविते तसेच धोरणही माणसाची ओळख घडविते, हे यावरून दिसून येते.

इथपर्यंत ऐकून असे वाटेल की मॉरिशसने सारे प्रश्न सोडविले. तसे नाही, आणि न सुटलेले प्रश्नच आपल्या अधिक उपयोगाचे आहेत.

स्वातंत्र्याच्या वेळी तेथील सर्वच लोक आनंदात नव्हते. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या विरुद्ध बाजूने चाळीस टक्क्यांहून अधिक मते पडली. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होईल, ही भीती त्यामागे होती. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगल उसळली आणि ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. ही भीती घालविण्यासाठी घटनेत एक तरतूद करण्यात आली होती. लोकांनी निवडलेल्या ६२ सभासदांखेरीज आणखी ८ जागा, ज्या समाजाला कमी प्रतिनिधित्व मिळाले असेल त्याच्या पराभूत उमेदवारांतून भरावयाच्या. त्यासाठी प्रत्येक उमेदवाराने आपण हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे, की उरलेल्या 'सर्वसाधारण लोकसंख्ये'तले, हे अर्जावर लिहून द्यावयाचे.

हेतू चांगला होता आणि त्या वेळी त्याने भांडण थोपविले. परंतु एकदा रकाना आखला की माणसाला त्यात बसावेच लागते. ज्याची आई एका समाजाची आणि बाप दुसऱ्या समाजाचा, त्याने काय लिहावे? ज्याला फक्त मॉरिशसचा नागरिक म्हणून उभे राहावयाचे आहे त्याने काय लिहावे? २००५ च्या सुमारास काही उमेदवारांनी समाज लिहून देण्यास नकार दिला, तेव्हा त्यांचे अर्ज बाद झाले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेले. समाजवार जनगणना १९७२ नंतर झालेलीच नसताना अशी सक्ती करणे मनमानी ठरते, असे समितीने २०१२ साली नमूद केले. २०१४ च्या निवडणुकीपुरती ही सक्ती उठविण्यात आली. एका काळी संरक्षण देणारी भिंत पुढच्या पिढीला कोंडवाडा वाटू लागते, याचे हे चांगले उदाहरण होय.

दुसरे उदाहरण नोटांचे. मॉरिशसच्या नोटेवर इंग्रजीखाली तामिळ आणि त्याखाली हिंदी असा मजकुराचा क्रम होता. १९९८ साली नव्या नोटा निघाल्या, त्यांत हिंदी वर आणि तामिळ खाली आली. तामिळ समाज खवळला. आमचे पूर्वज फ्रेंचांच्या काळात, सर्वांच्या आधी, कारागीर म्हणून या बेटावर आले, मग आमची लिपी खाली का? सरकारला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि जुन्या क्रमाने पुन्हा छापाव्या लागल्या. कोणी हसून म्हणेल, नोटेची किंमत अक्षराच्या क्रमाने बदलते काय? किंमत बदलत नाही. परंतु आपली पायरी खाली सरकली, ही बोच माणसाला पैशापेक्षा अधिक लागते. गावात मानपान आणि पालखीचा खांदा यांवरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

तिसरी गोष्ट अधिक दुःखाची आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या नावाने प्रसिद्ध असलेला क्रेओल समाजातील गायक पोलीस कोठडीत मरण पावला. बेटावर काही दिवस दंगली झाल्या. त्या क्षोभाच्या मुळाशी जुने दुखणे होते. ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले त्यांची भाषा आणि नावे गुलामगिरीतच पुसली गेली होती. हिंदीला, तामिळला, मराठीला शाळेत जागा मिळाली, कारण त्या भाषांना मागे एक देश होता, ग्रंथ होते, लिपी होती. क्रेओल ही साऱ्या बेटाची बोली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारे ती घरात बोलतात. परंतु तिला शाळेचे दार बंद होते, ती 'अशुद्ध' समजली जात होती. ते दार २०१२ साली उघडले आणि क्रेओल प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय झाली. आपल्या भाषेसाठी झगडलेल्या समाजांनाही शेजाऱ्याची भाषा भाषा आहे हे मान्य करावयास इतका काळ लागला. स्वतःचा मान मागणे सोपे असते. तोच मान दुसऱ्याला देण्यासाठी दृष्टी बदलावी लागते, आणि संस्कृतीची खरी कसोटी तेथे लागते.

मराठी समाजाची आजची स्थितीही सांगितली पाहिजे. शाळेत मराठी आहे, आकाशवाणी-दूरदर्शनवर मराठी कार्यक्रम आहेत, कायद्याने स्थापन झालेला मराठी भाषकांचा संघ आहे. परंतु बहुसंख्य मराठी घरांत बोलणे चालते ते क्रेओलमध्ये. आरती मराठीत आणि जेवायला हाक क्रेओलमध्ये, अशी तऱ्हा झाली आहे. जनगणनेत पूर्वजांची भाषा आणि घरात बोलावयाची भाषा असे दोन प्रश्न विचारले जातात. पहिल्या प्रश्नाला मराठी असे उत्तर देणारे पुष्कळ, दुसऱ्याला तसे उत्तर देणारे थोडे. रकान्यात मराठी टिकली, ओसरीवर ती विरळ झाली. सरकारने सुट्टी दिली, शिक्षक दिले, पुस्तके दिली. पण घरात बोलणे ही गोष्ट कोणतेही सरकार करून देऊ शकत नाही.

याच वेळी जगाच्या बाजाराचे चटके त्या बेटालाही बसत होते. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोप दरसाल मॉरिशसची ५ लाख ७ हजार टन साखर ठरलेल्या चांगल्या भावाने घेत असे. युरोपने २००६ पासून तो भाव ३६ टक्क्यांनी उतरविला, आणि २००९ मध्ये तो करारच संपला. कापडाच्या निर्यातीवरील जागतिक वाटपाची पद्धत २००४ अखेर बंद झाली, आणि पुष्कळ स्त्रियांची कारखान्यातील कामे गेली. बेट पर्यटनाकडे, बँकांकडे आणि दलालीकडे वळले. भारताशी १९८२ साली झालेल्या कर-कराराचा आधार घेऊन परदेशी पैसा मॉरिशसमार्गे भारतात येऊ लागला. रक्ताच्या नात्याची ऊब त्या कराराला होती. पण त्याच वाटेने कर चुकवून आपलाच पैसा फिरून येतो, असेही आरोप झाले, आणि २०१६ साली भारताने करार बदलून घेतला. नाते कितीही जवळचे असो, व्यवहार चोख असावा, ही गावाकडची शिकवण देशांनाही लागू पडते.

मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने आणखी एक सवलत जाहीर केली. मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या माणसाला सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करता येईल. पण सातव्या पिढीचे नाते सिद्ध कसे करावयाचे? त्यासाठी लोक महात्मा गांधी संस्थेच्या दफ्तरखान्यात पूर्वजाची नोंद शोधतात. ज्या वहीत मजुराला क्रमांक देऊन बांधून टाकले होते, तीच वही आज नातवाच्या नातवाला गावाचा पत्ता सांगते. कागद तोच असला तरी तो कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे, यावर त्याचा अर्थ फिरतो.

आता या साऱ्याचा आपल्या गावाशी संबंध काय, ते पाहावे.

महाराष्ट्रातही देऊळ, धोरण आणि दृष्टी यांची गाठ पडलेली आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, आणि त्याच वर्षी मुंबई सरकारचा मंदिर-प्रवेशाचा कायदा झाला. कायद्याने दार उघडले. परंतु दाराच्या आत गेल्यावर कोणी कोणाशेजारी बसावयाचे, पंगतीत कोणाच्या हातचे वाढलेले घ्यावयाचे, हे कायद्याच्या हातात नव्हते. ते गावाच्या मनावर होते आणि आजही आहे.

मॉरिशसच्या गोष्टीतून एकच विचार घ्यावयाचा तर तो असा. संस्कृती दोन ठिकाणी ठेवता येते, रकान्यात किंवा बैठकीत. रकान्याची गरज नाही असे नाही. सुट्टी, शाळेतील विषय, राखीव जागा, दफ्तरातील नोंद, यांनी दुबळ्याला आधार मिळतो. पण रकाना मोजतो आणि मोजून वेगळे करतो. वरखाली कोण, हा वाद त्यातूनच निघतो. बैठकीत माणूस शेजारी येऊन बसतो. गिरमिटियांना जे मिळाले त्याचा उगम बैठकीत होता, आणि जेथे बैठक ओस पडली तेथे रकाना भरलेला असूनही भाषा हातची गेली.

नव्या सभामंडपाचा विचार या दृष्टीने व्हावा. उत्सवाचे चार दिवस सोडले तर वर्षाचे बाकीचे दिवस तेथे काय चालणार आहे? देणगीदारांपैकी पुष्कळ मंडळी मुंबई-पुण्याला व परदेशी आहेत. त्यांची नावे दगडावर कोरली गेली आहेत. परंतु त्यांच्या मुलांना गावची बोली, गावचे भजन आणि गावची माणसे ओळखीची राहावीत यासाठी सुट्टीत आठ दिवस तरी या मंडपात त्यांचे बसणे-उठणे व्हावे. गावातच राहिलेल्या मुलांसाठी येथे संध्याकाळी अभ्यासाची जागा व्हावी. वाचावयास न शिकलेल्या आजीबाईंना बँकेचा कागद वाचून दाखविणारे कोणी येथे असावे. जमल्यास त्यांना स्वतःची सही शिकवावी. परप्रांतातून कामाला आलेला मजूर आपल्या गावात वर्षानुवर्षे राबतो. बागांत आणि बांधकामावर त्याचेच हात आहेत. आपले पूर्वज समुद्रापलीकडच्या ज्या वस्तीत परके म्हणून उतरले, त्याच जागी आज तो आपल्या गावात उभा आहे. त्यालाही या मंडपाच्या पायरीवर संकोच वाटू नये. त्याला नावाने हाक मारावी, 'भय्या' म्हणून मोडीत काढू नये. आपल्या माणसांची नावे परक्या कारकुनाने मोडली याचे वाईट वाटत असेल, तर दुसऱ्याचे नाव नीट उच्चारणे एवढे तरी आपल्याकडून घडावे.

हे सारे करावयास सरकारची मंजुरी लागत नाही, फार पैसाही लागत नाही. एक दिवा, एक चटई आणि रोज संध्याकाळी येऊन बसणारी चार माणसे पुरेत. मळ्यावर दिवसभर राबून आलेल्या माणसांना ते जमले. आपल्याला तर आता पक्का मंडप आहे आणि विजेचा दिवाही आहे.

श्री ग्रामदेवता सर्वांना तशी बुद्धी देवो.